कळ आली की कळ दाबा

“मशीन स्पॉइल ऑलरेडी,” डॉ. लिम म्हणाल्या.

मी स्क्रीनकडे बघत होते. स्क्रीनवर सुर्वे साहेबांच्या मांडीच्या स्नायूचा आलेख होता आणि तो इतका सपाट होता की त्यावर पोळी लाटता आली असती. सुर्वे साहेब स्वतः काचेपलीकडे खुर्चीत बसले होते. कानावर हेडफोन, डोळे मिटलेले, चेहऱ्यावर समाधी. त्यांच्या घोट्याला मी थोड्या थोड्या वेळाने विजेचे झटके देत होते. सगळे मंजुरी मिळालेले आणि सुरक्षित, पण बसले की सर्वसामान्य माणूस “आई गं” म्हणतो असे. त्यांच्या उजव्या हातात एक लाल बटण दिलेलं होतं. दुखलं की ते दाबायचं, इतकं सोपं काम. साहेबांनी ते एकदाही दाबलं नव्हतं.

“मशीन ठीक आहे, डॉक्टर,” मी म्हणाले.

“देन युअर पीपल स्पॉइल,” डॉ. लिम म्हणाल्या आणि खाली कॉफी घ्यायला गेल्या. त्या रागावल्या की कॉफी घेतात आणि कॉफी घेतली की आणखी रागावतात.

मी न्यूरोफिजिऑलॉजी टेक्नॉलॉजिस्ट. घरी सांगताना मी ‘नसांची इलेक्ट्रिशियन’ म्हणते, कारण खरा हुद्दा उच्चारून होईपर्यंत सासूबाई फोन दुसऱ्या कुणाकडे तरी देतात. सिंगापूरमधल्या एका संशोधन केंद्रात, दुखण्याचा अभ्यास करणाऱ्या लॅबमध्ये मी काम करते. माणसाला इलेक्ट्रोड चिकटवायचे, झटका द्यायचा, स्नायू काय म्हणतात ते नोंदवायचं आणि नंतर त्या माणसाला बिस्किट द्यायचं, हे माझं काम. मला ते फार आवडतं. इतरांना झटके देऊन पगार मिळतो, असं दुसरं काम मला माहीत नाही.

आता दुखण्याचं थोडंसं. पायाला चिमटा बसला की तिथून निरोप निघतो, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत पोचतो आणि तिथून वर मेंदूत जातो. एवढं आपण शाळेत शिकतो. शाळेत सांगत नाहीत ते हे, की वरून खालीही हुकूम येत असतो. डोकं आणि मान जिथे जुळतात तिथे आतमध्ये अंगठ्याएवढा जाड एक भाग आहे. त्याला ब्रेनस्टेम म्हणतात, मराठीत मस्तिष्कस्तंभ. श्वास, हृदयाचे ठोके, झोप, गिळणं हे सगळं तो सांभाळतो, आणि हे कमी आहे म्हणून की काय, मज्जारज्जूत आलेला दुखण्याचा निरोप किती जोरात वर जाऊ द्यायचा हेही तोच ठरवतो. टीव्ही मज्जारज्जूत आणि रिमोट ब्रेनस्टेमच्या हातात, अशी साधारण व्यवस्था आहे. रिमोटवर आवाज कमी करायची सोय आहे, तशी वाढवायचीही आहे. बस पकडायला धावताना गुडघा आपटला तर ते घरी आल्यावर कळतं. तिथे आवाज कमी केलेला असतो. डेंटिस्टने अजून तोंडात बोटही घातलेलं नसतं आणि दाढ ठणकायला लागते, तिथे तो वाढवलेला असतो.

हा आवाज मोजायचा कसा? माणसाला विचारून भागत नाही. कुणी चिमटा काढला तरी किंचाळतो, कुणी दार बोटावर आपटलं तरी “काही नाही, चालतंय” म्हणतो. म्हणून आम्ही मांडीला विचारतो. घोट्याला झटका बसला की मांडीच्या मागचा स्नायू पाय झटकन मागे ओढतो. हे मज्जारज्जू परस्पर उरकतो, मेंदूला नंतर कळवतो. त्यामुळे त्यात सोंग घेणं अवघड. पाय जोरात उडाला तर आवाज मोठा, कमी उडाला तर लहान. मग आम्ही माणसाचा डावा हात बर्फाच्या पाण्यात बुडवायला सांगतो. हाताला गारठ्याची कळ लागली की ब्रेनस्टेम बाकीच्या दुखण्यांचा आवाज खाली आणतो, आणि तोच झटका देऊनही पाय कमी उडतो. इंग्रजी, मँडरिन आणि तमिळ बोलणाऱ्यांच्या बाबतीत हे सगळं पुस्तकात लिहिल्याप्रमाणे झालं होतं. मराठी माणसांच्या बाबतीत पाय बर्फाच्या आधीही उडत नव्हता आणि बटण तर कुणी दाबतच नव्हतं.

मराठी मीच सुचवली होती. आपल्या भाषेत सूचना ऐकल्या तर दुखणं वेगळं जाणवतं का, हा डॉ. लिम यांचा प्रश्न. त्यांना आणखी एक भाषा हवी होती, मी हात वर केला आणि म्हणाले, माणसं मी आणते. माणसं आणणं सोपं होतं. माझा नवरा मंदार जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लांटमध्ये इंजिनिअर आहे. कंपनीच्या बसमध्ये त्याच्या मागेपुढे बसणारे तिघे लगेच तयार झाले. तांजोंग पगारला नोकरी करणारे आमच्या मराठी मंडळातले काही आयटीवाले आले. आणि सुर्वे साहेब, रत्नागिरीचे, जहाजावरचे चीफ इंजिनिअर. त्यांचं जहाज इथे दुरुस्तीला लागलं होतं आणि ते आमच्याकडे मासे खायला येऊन येऊन कंटाळले होते.

माझ्यासाठी हा गमतीचा मामला नव्हता. सिंगापूरला आल्यावर बरीच वर्षं मी डिपेंडंट पासवर घरी होते. म्हणजे नवऱ्याच्या पासला चिकटलेला पास, राहायची परवानगी, नोकरीची नाही. पुंगोलच्या फ्लॅटच्या खिडकीतून मी एलआरटीची, म्हणजे वस्तीतल्या रेल्वेची, छोटी गाडी गोल गोल फिरताना बघायचे आणि मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमाला चकल्या करायचे. चकल्यांची इतकी तारीफ झाली की मला चकलीचा द्वेष वाटायला लागला. मग ही नोकरी मिळाली आणि स्वतःचा पास मिळाला, त्यावर माझं नाव आणि माझा हुद्दा. आता त्या पासची मुदत संपत आली होती. हा पायलट, म्हणजे मोठ्या अभ्यासाआधीची लहान चाचणी, निधी देणाऱ्यांच्या पॅनलला पटला तर पुढचा निधी. निधी आला तर माझी जागा राहणार आणि पास वाढणार. नाही पटला तर चकल्या. पॅनल त्याच दिवशी दुपारी येणार होतं.

त्यामुळे डॉ. लिम कॉफी घेऊन येईपर्यंत मी एक काम केलं. सुर्वे साहेबांना सोडवून बाहेर बिस्किटांपाशी बसवलं, त्यांच्या खुर्चीत स्वतः बसले, स्वतःच्या घोट्याला इलेक्ट्रोड लावले आणि झटका दिला. माझा पाय उडाला आणि कचऱ्याच्या डब्याला लागला. डबा दारापर्यंत गेला. दारात डॉ. लिम उभ्या होत्या.

“सो मशीन नॉट स्पॉइल,” त्या डब्याकडे बघत म्हणाल्या.

“नाही.”

“तुझे सगळे व्हॉलंटिअर इंजिनिअर आहेत. त्यांना पाय आहेत ना?”

मला रडू येत होतं आणि त्याच वेळी तो डबा आठवून हसू येत होतं, आणि दोन्ही एकदम दाबायला फार कष्ट पडत होते. मी डबा जागेवर ठेवून बाहेर आले.

सुर्वे साहेब बिस्किट चहात बुडवत होते. मला बघून त्यांनी मान अशी हलवली, की जणू शर्यत जिंकून आले आहेत आणि हार घालायला कुणी येतंय.

“काय वहिनी, दाबली ना?”

“काय दाबली?”

“कळ. एकदाही वर येऊ दिली नाही.”

मी त्यांच्यासमोरची खुर्ची ओढली. मला आठवलं की आधी आलेली मराठी माणसंही बाहेर पडताना अशीच खूश होती. एक आयटी मॅनेजर तर म्हणाला होता की सेशन छान झालं, विपश्यनेसारखं वाटलं. घोट्याला झटके बसून कुणाला विपश्यनेसारखं का वाटावं, हे मी तेव्हा विचारायला हवं होतं.

“साहेब, नीट सांगा. तुम्ही काय केलंत?”

“तुम्ही सांगितलंत तेच. आधी मला वाटलं, जमणार नाही. पहिला झटका चांगलाच लागला हो. पण कानात तो आवाज. काय आवाज आहे. कळ आली की कळ दाबा. म्हटलं, बरं. श्वास खाली सोडला, दात सैल सोडले आणि आली कळ की दाबली आत. टाकीवर झाकण लावतो तशी. नंतर नंतर तर तुम्ही झटका देताय की चेष्टा करताय, तेच समजेना.”

“आणि हातातलं बटण?”

“ते लाल? ते इमर्जन्सी स्टॉप ना?” सुर्वे साहेब जरा दुखावले. “जहाजावर लाल बटण म्हणजे दुसरं काय असतं? ते दाबायची वेळ आपल्यावर येत नाही, वहिनी. घाबरला तो दाबेल.”

जुरोंग आयलंडवरही लाल बटण म्हणजे तेच. मंदारच्या बसमधला एकही माणूस प्लांट बंद पडण्याची वेळ आल्याशिवाय लाल बटणाला हात लावणार नाही. मी उठले, आत गेले, हेडफोन लावले आणि सूचनांचं रेकॉर्डिंग ऐकलं. ते मी पूर्वी ऐकलं नव्हतं असं नाही, पण आवाज साफ आहे ना, कानाला मोठा वाटत नाही ना, एवढंच ऐकलं होतं. आमच्या धंद्यात अर्थ शेवटी तपासतात.

आवाज सोमण काकांचा होता. सोमण काका आमच्याच ब्लॉकमध्ये मुलाकडे राहतात. निवृत्त माणूस, हौशी नाटकात आयुष्य गेलेलं, मंडळाच्या कार्यक्रमात निवेदन तेच करतात. माईक नसला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जातं आणि माईक असला तर खालच्या मजल्यालाही. मराठी सूचना हव्या आहेत म्हटल्यावर त्यांनी माझा मजकूर हातात घेतला होता आणि पहिल्याच ओळीला थांबले होते.

“बटण?” ते म्हणाले होते. “अगं, दुसऱ्या देशात राहतो म्हणून भाषाही दुसऱ्याची वापरायची? कळ म्हण. कळफलक म्हणतेस ना? विजेची कळ म्हणायचो ना आपण?”

“काका, मी कधीच म्हटलं नाही.”

“आता म्हण,” काका म्हणाले होते. मला त्या दिवशी दुसरी कामं होती. मी मान हलवून लॅबच्या रेकॉर्डिंगच्या खोलीत त्यांना एकटं सोडलं होतं.

आता ते माझ्या कानात होते. आधी एक दीर्घ श्वास. मग, एखादा राजा रणांगणावर सैन्याला उद्देशून बोलतो त्या आवाजात, “शांत बसा. आता आपल्या घोट्यास विजेचा सौम्य धक्का दिला जाईल. कळ आली,” इथे इतका मोठा विराम की मला वाटलं रेकॉर्डिंग संपलं, “की कळ दाबा.”

मी हेडफोन काढले आणि हसत सुटले. थांबताच येईना. टेबलाला धरून खाली बसले. बाहेरून सुर्वे साहेब बिस्किट हातात घेऊनच आत आले, त्यांना वाटलं मला झटका लागला. मी हातानेच ‘नाही, नाही’ म्हणत होते. मग डॉ. लिम आल्या आणि कुणीतरी मला पाणी दिलं.

“व्हॉट हॅपन?” डॉ. लिम म्हणाल्या.

मी पाणी प्यायले आणि सांगितलं. मराठीत कळ म्हणजे दुखण्याची सणक. आणि कळ म्हणजेच बटण. आम्ही त्यांना सांगतोय, दुखलं की बटण दाबा. त्यांना ऐकू येतंय, दुखणं आलं की दुखणं दाबून टाका.

“सेम वर्ड?”

“सेम वर्ड.”

“पेन अँड बटन, सेम वर्ड?” डॉ. लिम यांनी सुर्वे साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी गंभीरपणे मान हलवली. “व्हाय युअर लँग्वेज लाइक दॅट?”

सांगण्यासारखं खूप होतं. कळ लावणं म्हणजे भांडण पेटवणं, कळ सोसणं म्हणजे सहन करणं आणि कळणं म्हणजे समजणं. पण पॅनल दुपारी येणार होतं. डॉ. लिम यांनी तेवढ्यात एक गोष्ट केली, जिच्यासाठी मी त्यांचे सगळे कॉफीचे राग माफ केले. त्या बटणाच्या नोंदींकडे बघत नव्हत्या. त्या मांडीच्या आलेखाकडे बघत होत्या.

“बटण दाबलं नाही, ओके,” त्या हळूच म्हणाल्या. “पण पाय? पाय ऑल्सो अंडरस्टँड मराठी आह?”

सुर्वे साहेबांनी बिस्किट खाल्लं.

पायाला मराठी येत नाही. मज्जारज्जूलाही येत नाही. मराठी वर, डोक्यात समजली. तिथून हुकूम ब्रेनस्टेमकडे गेला, ब्रेनस्टेमने रिमोट हातात घेतला आणि खाली मज्जारज्जूत आवाज कमी केला. म्हणून पाय उडाला नाही. सोमण काकांच्या एका वाक्याने, तेही चुकीच्या समजलेल्या, बर्फाच्या पाण्याने होतं त्याहून जास्त काम केलं होतं. आम्ही ज्या गोष्टीच्या शोधात होतो ती स्क्रीनवर सपाट पडून होती आणि आम्ही तिला बिघाड म्हणत होतो.

“पण पॅनल म्हणेल इलेक्ट्रोड नीट चिकटले नव्हते,” डॉ. लिम म्हणाल्या. “पॅनल म्हणेल झटकाच कमी होता. आपल्याला असा माणूस हवा ज्याने हेच रेकॉर्डिंग ऐकलं आणि त्याला बरोबर अर्थ समजला. त्याचा पाय उडाला पाहिजे. आहे कोणी?”

कळ म्हणजे बटण असं मनापासून समजणारा माणूस साठ लाख वस्तीच्या या शहरात, माझ्या माहितीत, एकच होता.

मी काकांना फोन लावला. त्यांनीही व्हॉलंटिअर म्हणून नाव दिलेलं होतं, तब्येतीची तपासणी पार पडली होती, फक्त त्यांचा नंबर पुढच्या आठवड्यात होता. “काका, आज येता का? आत्ता?”

“आज माझी साबुदाण्याची खिचडी आहे.”

“काका, माझी नोकरी आहे.”

मग काका म्हणाले, “निघतो,” आणि ते खरोखर निघाले. एलआरटी, मग एमआरटीची मोठी गाडी, आणि काका लॅबच्या दारात हजर. इस्त्रीचा झब्बा, हातात छत्री आणि डब्यात खिचडी. मी त्यांना काहीही सांगितलं नाही. सुर्वे साहेबांना मी काचेअलीकडे माझ्याजवळ बसवलं आणि तोंड उघडायचं नाही असं बजावलं.

इलेक्ट्रोड लावले. हातात लाल बटण दिलं. हेडफोन लावले. काकांनी स्वतःचा आवाज ऐकला आणि डोळे मिटून दाद दिली. विरामाच्या जागी तर त्यांनी हात वर केला. मी तेवढ्यात पहिला झटका दिला.

काकांचा पाय असा उडाला की चप्पल काचेवर आली. “अगं आई गं,” काका म्हणाले आणि त्यांनी बटण दाबलं. एकदा नाही. दारावरची बेल वाजवावी आणि घरात कुणी ऐकू नये, तसं दाबलं. मी दुसरा झटका दिला. पाय, आई गं, बेल. तिसऱ्याला तर गंमत झाली. झटक्याच्या आधीच, मी हात नुसता यंत्राकडे नेला तेव्हाच काकांनी बटण दाबलं, आणि मग आलेल्या झटक्याला पाय आधीपेक्षा जास्त उडाला. भीतीने ब्रेनस्टेम आवाज वाढवतो म्हणतात, ते मी इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. मग त्यांचा डावा हात बर्फाच्या पाण्यात घातला, आणि पाय शहाण्यासारखा कमी उडायला लागला. पुस्तकातलं चित्र काकांनी जसंच्या तसं काढून दिलं.

“हा तर रडका आहे,” सुर्वे साहेब माझ्या कानात म्हणाले.

मला त्यांना आणि काकांना, दोघांनाही मिठी मारावीशी वाटली. एकच वाक्य, एकच आवाज, एकच झटका. एकाला अर्थ एक लागला, दुसऱ्याला दुसरा, आणि दोघांचे मज्जारज्जू दोन वेगळ्या गोष्टी करत होते. मी दोघांचे आलेख एकाखाली एक ठेवले. वर कोकणातला समुद्र, वारा पडलेल्या दिवशीचा. खाली काका.

डॉ. लिम स्क्रीनसमोर उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच कॉफी प्यायच्या विसरल्या. “अस्मिता,” त्या म्हणाल्या, “धिस वन, आय लाइक.”

पॅनल आलं तेव्हा आम्ही तयार होतो. कॉरिडॉरमधली माणसं मात्र तयार नव्हती. काकांना कुणीतरी, म्हणजे सुर्वे साहेबांनी, घोटाळा सांगितला होता.

“कळ म्हणजे कळ,” सुर्वे साहेब म्हणत होते. “दुखते ती. बटणाला बटण म्हणतात. अख्ख्या जहाजावर विचारा.”

“जहाजावर?” काका म्हणत होते, खिचडीचा चमचा उगारून. “भाषा जहाजावर ठरते? अहो, संदिग्धता ही भाषेची श्रीमंती आहे.”

“तुमच्या श्रीमंतीपायी मी तासभर दात सैल सोडून बसलो होतो.”

“मग? लागलं का तुम्हाला?”

सुर्वे साहेब थांबले. “नाही,” ते म्हणाले. “खरं तर नाही लागलं.”

“मग माझे आभार माना.”

पॅनलमधल्या एका गृहस्थांनी, गळ्यात पास आणि हातात आयपॅड, डॉ. लिम यांना विचारलं की हे दोघे कशावरून भांडताहेत.

“दॅट,” डॉ. लिम म्हणाल्या, “इज अवर फाइंडिंग.”

पुढचं मी खोलीच्या मागच्या भिंतीला टेकून पाहिलं. डॉ. लिम यांनी काहीही लपवलं नाही. अनुवादात घोटाळा झाला, बटणाच्या मराठी नोंदी बाद आहेत, पुन्हा घेऊ, असं आधी सांगितलं. मग ते दोन आलेख दाखवले. एका बाईंनी विचारलं की हे फार थोडी माणसं बघून म्हणताय ना? डॉ. लिम म्हणाल्या, हो, म्हणूनच पुढचा निधी मागतोय. दुसऱ्यांनी विचारलं, याचा पेशंटला उपयोग होईल का? त्या म्हणाल्या, आज सांगता येणार नाही, पण डॉक्टर पेशंटशी कुठल्या शब्दांत बोलतो हे कण्यापर्यंत पोचत असेल तर ते तपासायला हवं. आता सगळं माझ्या हाताबाहेर होतं.

निर्णय यायला बरेच दिवस लागले. त्या दिवसांत मी सोमण काकांचं रेकॉर्डिंग स्वतःवर वापरून पाहिलं. काळजीने पोटात कळ आली की डोळे मिटायचे आणि ती आत दाबायची. मला नाही जमलं. रेकॉर्डिंग कुणी केलंय, काकांनी त्या दिवशी खिचडीत मीठ कमी घातलं होतं, हे सगळं ठाऊक असताना माणसावर परिणाम होत नाही बहुतेक.

निधी मिळाला. मग पासचा अर्ज गेला. मंजुरीचा मेल आला तेव्हा मी एलआरटीत होते, त्याच गोल गोल फिरणाऱ्या गाडीत, आतून. मेल उघडला, माझं नाव वाचलं, हुद्दा वाचला आणि मोठ्याने “आई गं” म्हणाले. पायही आपोआप उडाला असावा, कारण समोरच्या आजीबाईंची भाजीची पिशवी कलंडली.

“पेन आह, गर्ल?” त्यांनी काळजीने विचारलं.

“नो आंटी,” मी भाजी गोळा करत म्हणाले. “पास.”

त्यांना काही समजलं नाही, पण मी हसतेय बघून त्याही हसल्या. आम्ही दोघींनी मिळून त्यांची भेंडी पिशवीत भरली. माझे डोळे भरून आले होते. घरी जाऊन मी चकल्या केल्या, आपणहून, आणि त्या चांगल्या झाल्या.

आता लॅबमध्ये दोन अभ्यास चालू आहेत. एकात मराठी सूचना नव्या, मी वाचलेल्या, आणि त्यात बटणाला बटण म्हटलंय. दुसऱ्यात काकांचं जुनं रेकॉर्डिंग, विरामासकट, मुद्दाम. बटण आता लाल नाही, हिरवं आहे. या सगळ्यावरून मराठी माणसाचा ब्रेनस्टेम जगावेगळा आहे असं मुळीच सिद्ध होत नाही. काका मंडळात तसं सांगत फिरतात, तो भाग वेगळा. सुर्वे साहेब जहाजावर परतलेत आणि इंजिनरूममध्ये पोरांना दात सैल सोडायला शिकवतात असा मेसेज आलाय. मी शिकले ते एवढंच की सूचना शेवटपर्यंत ऐकाव्यात, आणि ऐकताना आपण इंजिनिअर आहोत असं समजून ऐकाव्यात.

परवा काका पुन्हा आले होते. मी खाली वाकून एकाच्या घोट्याला इलेक्ट्रोड चिकटवत होते. काकांना टेबलावरच्या हिरव्या बटणाला मी लावलेलं स्टिकर दिसलं. त्यावर लिहिलंय, ‘बटण’.

“परका शब्द,” काका म्हणाले. “अस्मिता, हे बदल. आत्ताच्या आत्ता बदल. मला बघवत नाही.”

“काका,” मी खालूनच म्हणाले, “जरा कळ काढा.”

मागे खट असा आवाज झाला. मी वर पाहिलं. काकांच्या हातात हिरवं बटण होतं आणि त्याची वायर जमिनीवर लोंबत होती. स्क्रीनवरची एक रेघ सपाट झाली होती.

“तूच म्हणालीस,” काका म्हणाले.

डॉ. लिम यांनी दारातून डोकं आत घातलं. “मशीन स्पॉइल ऑलरेडी?”

“नो, डॉक्टर,” मी म्हणाले. “मराठी.”